तिथं कोण आहे तुमचं?

तुर्कस्तानात भूकंप झाल्याचं मला सकाळी भांडी घासताना कळलं. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. मी तो फारसा बघत नाही, पण उठल्याउठल्या लावते. घरात कुणीतरी बोलत राहतं. त्या दिवशी बातम्या देणाऱ्या बाईचा आवाज वेगळाच वाटला, म्हणून साबणाचे हात तसेच घेऊन बाहेर आले. पडद्यावर अख्ख्या इमारती खाली बसत होत्या, आत रेती भरलेलं पोतं सुटावं तशा. मग एक बाई दिसली. एका पायात चप्पल होती आणि दुसरी ती दगडविटांत शोधत होती. बर्फ पडत होता. तिच्या मागं तिचं घर नव्हतं, आणि ती चप्पल शोधत होती.

मी टीव्हीचा आवाज कमी केला. यांना मोठा आवाज चालायचा नाही. मग लक्षात आलं, आणि तो तसाच कमी राहू दिला.

हे जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, सगळी नोकरी पूर्ण्यात गेली. कधी अकोल्याकडं, कधी परळीकडं गाडी घेऊन जायचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि रुळांच्या पलीकडं दोन खोल्यांचं घर बांधलं. त्या घरात ते जेमतेम वर्षभर राहिले. मुलगा पुण्याला. मी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, पोरींचे ड्रेस. गिऱ्हाईक असलं की दोन शब्द होतात. नसलं की मशीनचा आवाज.

त्या सकाळी मी ठरवलं, आपण काहीतरी पाठवायचं. शिवणाचे पैसे माझे स्वतःचे होते, कुणाला विचारायची गरज नव्हती. आणि तिथंच मी अडले. कुणाला विचारायची गरज नाही, अशा रीतीनं मी आजवर कधी काही दिलंच नव्हतं.

आमच्या घरात देण्यावरून दरवर्षी भांडण व्हायचं. दिवाळीच्या आधी यांचा बोनस आला की त्यातला काही भाग बाजूला काढायचा, हे ठरलेलं. पण कुणाला द्यायचा, हे कधीच ठरलेलं नसायचं. मला सगळ्यांनाच द्यावंसं वाटायचं. परभणीचा एखादा आश्रम, कुठली तरी अंधशाळा, देवळाचा पत्रा, दारात पावतीपुस्तक घेऊन आलेला कुणीही. यांना कुणालाच द्यावंसं वाटायचं नाही.

"तिथं कोण हाय त्यांचं?" हा यांचा पहिला प्रश्न. "पैसे घेणारा इथं दिसायलाय. पण ज्यायला पोचवायचेत तिथं यांचं माणूस कोण हाय?"

"तुमाला समदेच चोर दिसतेत."

"चोर न्हाई म्हणत मी. चोर परवडला. ह्यो भला माणूस हाय अन् त्याला काईच मालूम न्हाई, ह्याचं काय करायचं?"

चहा गार व्हायचा, पण वाद संपायचा नाही. ड्युटीची वेळ झाली की झेंडे, डबा घेऊन निघून जायचे. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून परत आले की चपला काढता काढता दारातूनच सुरू करायचे, "पर त्या आश्रमाचं म्हणशील तर..." म्हणजे रात्रभर गार्डाच्या डब्यात एकटे बसून माझ्याशीच वाद घालत आलेले असायचे. मला त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, इतकं मन लावून माझ्याशी दुसरं कोण बोललं?

त्यांचा हा स्वभाव जन्माचा नव्हता. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. रेल्वे कॉलनीतून मदतीचा ट्रक निघाला. आम्ही बायकांनी क्वार्टरा-क्वार्टरांतून कपडे जमवले. मी शिवणारी, म्हणून उसवलेलं टाचायचा, काजं-बटणं बघायचा जिम्मा माझ्याकडं. मी जीव ओतून केलं. हे ट्रकबरोबर गेले. परत आले ते मुके होऊन. ताटावर बसले आणि नुसते वरणभात कालवत राहिले.

"कपडे रस्त्यावर पडलेत," म्हणाले. "ढीगच्या ढीग. कुठून कुठून आलेत. साहेबलोकायचे कोट हायेत, उंच टाचायचे बूट हायेत. पावसानं भिजलेत. लोक त्याच्यावरून चालायलेत."

"आपले बी?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "एक म्हातारी ट्रकपाशी आली. म्हणली, बाबा, घागर हाय का? पाणी आणायला घागर पायजे. आमच्या ट्रकमदी शर्ट व्हते. घागर नव्हती."

तेव्हापासून यांनी तो प्रश्न धरला. तिथं कोण आहे तुमचं? कुणी विचारलं का त्यांना, काय पाहिजे म्हणून?

तर आता तुर्कस्तान. मी परभणी-नांदेडच्या पलीकडं फारशी न गेलेली बाई. तुर्कस्तान नकाशावर कुठं आहे, हेही मला टीव्हीवर कळलं. पण त्या बाईच्या पायातली एकच चप्पल डोळ्यांपुढून हलेना.

दुपारी हनुमानाच्या देवळात आमचा हरिपाठ असतो. तो झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, आपण बायका मिळून काही पाठवू या का?

एकमेकींकडं बघितलं सगळ्यांनी. मग आमच्यातली थोरली, जिचे मालक पूर्वी स्टेशनवर होते, ती म्हणाली, "बाई, तिकडं इमानं जायलेत. मोठमोठी सरकारं हायेत. तू ताडकळसच्या बाजूला जरा वाड्या-वस्त्यावर जाऊन बघ. समदे कोयता घेऊन कारखान्याला गेलेत ऊस तोडायला. घरी म्हातारी माणसं एकटी बसलेत. त्यायला कोण हाय?"

ती चुकीचं बोलत नव्हती. मी म्हटलं, "दोन्ही करता येतंय की." पण तोवर कुणीतरी हळदीकुंकवाच्या उरलेल्या वाणाचा विषय काढला होता. माझं वाक्य तसंच अर्धवट हवेत राहिलं. ती अजून थोडी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी घरी येऊन तिच्या वाट्याचंही भांडले, माझ्या वाट्याचंही.

संध्याकाळी त्याच मंडळाच्या मोबाईलच्या ग्रुपवर एक फोटो आला. विटांच्या ढिगाऱ्यात रडणारं लेकरू. खाली चौकोनी ठिपक्यांचं चित्र, ते मोबाईलनं टिपलं की पैसे जातात. मी ते टिपलंसुद्धा. रक्कम टाकली. नेमका त्याच वेळी मशीनवर दूध उतू... नाही, मशीनवर नाही, गॅसवर. असं होतं, एकटीनं राहिलं की दोन्ही एकाच खोलीत येतात. उठून गॅस बंद करून आले, तोवर ग्रुपवर कुणाच्या तरी सुनेनं लिहिलं होतं: हा फोटो खोटा आहे, मागं दुसऱ्याच देशातल्या पुराच्या वेळी हाच फिरत होता. मी मोबाईल उलटा करून ठेवला. पैसे वाचले, याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, ते लेकरू कुठलं असेल मग? कुणीतरी कधीतरी त्याचा खरा फोटो काढला होता ना?

मुलाचा फोन रविवारी येतो. या वेळी मीच मधल्या वारी केला. तो ऑफिसात होता.

"आई, तू कशाला त्रास घेतेस? मी इथून टाकतो ना तुझ्या नावानं. एका मिनिटाचं काम आहे."

"पण कुणाला टाकशील?"

"कुणाला म्हणजे? आहेत की चांगल्या संस्था. बरं, मी तुला तीन नावं पाठवतो. तिन्ही व्यवस्थित आहेत. कुठलीही घे."

"कुठलीही कशी घेऊ?"

तो हसला. चांगला मुलगा आहे. त्यानं खरोखरच पाच मिनिटांत तीन नावं आणि फोन नंबर पाठवले. "जेवलीस का" असंही लिहिलं. पण कुठलीही घे म्हटल्यावर पुढं बोलण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी कामं उरकून मी फोन लावायला बसले. पहिल्या ठिकाणी यंत्र बोललं. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मी एक दाबला. मग गाणं लागलं, आणि ते बराच वेळ वाजत राहिलं. शेवटी मीच ठेवला.

दुसऱ्या ठिकाणी एक तरुण मुलगा होता. फार गोड बोलला. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, वहाँ आपके आदमी हैं क्या?

"मॅडम, आपका एक-एक रुपया सीधे पीड़ितों तक पहुँचता है."

"वो ठीक है. पर पहुँचाता कौन है?"

त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि मग विचारलं की दर महिन्याला थोडी थोडी रक्कम आपोआप कापून जाईल असं करायचं का. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो वाईट नव्हता. त्याच्यापुढं लिहिलेलं होतं, ते तो वाचत होता.

तिसरी संस्था पुण्याची. फोन एका बाईनं उचलला. आवाज दमलेला, पण मराठी. मी एकदम मोकळी झाले. तोच प्रश्न विचारला.

"नाही," ती म्हणाली. "आमची माणसं तिथं नाहीत."

असं सरळ उत्तर मिळेल, असं वाटलं नव्हतं.

"मग पैसे कुणाकडं जाणार?"

"तिथल्या बायकांची एक लहानशी संस्था आहे. लढाईमुळं शेजारच्या देशातून पळून आलेल्या बायका-मुलांसाठी त्या बरीच वर्षं काम करतायत. आम्ही आधी एका कामात त्यांच्याबरोबर होतो. पण त्यांचं स्वतःचं ऑफिस पडलंय. तिघी-चौघींचा अजून पत्ता नाही. त्यांच्याशी धड बोलणं झाल्याशिवाय आम्ही कुणाचे पैसे घेत नाही. काकू, तुम्ही दोन दिवस थांबा."

पैसे देऊ नका म्हणणारी संस्था! हे असते तर पहिल्यांदा खूश झाले असते आणि मग म्हणाले असते, ह्यात बी काही चाल असेल. मी त्यांच्या वतीनं तसा संशय घेऊन बघितला. पण त्या बाईचा आवाज आठवला की संशय टिकायचा नाही.

दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला. तिनं ओळखलं. "पूर्ण्याच्या काकू ना?" म्हणाली. त्या पलीकडच्या बायकांशी बोलणं झालं होतं. दोघी गेल्या होत्या. बाकीच्या एका शाळेच्या पटांगणात तंबू टाकून कामाला लागल्या होत्या.

"त्यांना काय पाहिजे म्हणाल्या?"

"शेगड्या. तंबूसाठी ताडपत्री. आणि..." ती जरा थांबली. "बायकांसाठी आतले कपडे आणि पॅड. कोट, स्वेटर खूप आलेत म्हणे. हे कुणी पाठवत नाही. आणि राहुटीत दहा पुरुषांसमोर मागायचं कसं?"

इतकी वर्षं मी बायकांचे कपडे शिवते. किल्लारीच्या वेळी त्या गठ्ठ्यांमध्ये आम्ही साड्या घातल्या होत्या, ब्लाऊज घातले होते. परकर किती घातले होते? मला आठवेना. बहुतेक कुणाच्या मनातच आलं नव्हतं. मी तिला हे सांगितलं. किल्लारीचं, घागरीचं, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तिकडं दुसरा फोन वाजला, तो तिनं वाजू दिला.

ठरलं होतं खरं तर तिथंच. पैसे कुणाला द्यायचे हे मला कळलं होतं. बँकेत जायचं आणि भरून यायचं, एवढंच उरलं होतं.

पण मी बँकेत गेले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. पैसे तिकडं पोचायला किती दिवस लागतात, ते विचारलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं, शेगड्या कसल्या, कोळशाच्या की गॅसच्या. मग बर्फ कमी झाला का. त्या बायका जेवतात काय. ती सांगायची, तिकडं मोठ्या मोठ्या रोट्या असतात, आता बाहेरच मोठा तवा मांडलाय, मसुराचं सूप करतात. मी म्हणायचे, म्हणजे आपल्या वरणासारखंच की. ती हसायची. दुपारचं जेवण झालं की माझं लक्ष फोनकडं जायचं. सकाळपासून विचारायच्या गोष्टी मनात जमवून ठेवायचे. त्या दिवसांत माझ्याकडून शिवताना एक बाही उलटी लागली, गिऱ्हाईक कुरकुरलं, तरी मला काही वाटलं नाही.

एके दिवशी मी विचारलं, "त्यांना तिथं काय काय पाहिजे म्हणाल्या होत्या?"

तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, हे मी तुम्हाला मागं सांगितलंय."

"हां. इसरलेच मी."

"काकू, एक विचारू? रागावू नका. घरात तुमच्याजवळ कोण असतं?"

समोरच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. मशीनवर अर्धं शिवलेलं काहीतरी होतं. मी म्हटलं, "हायेत की. समदे हायेत. आत्ताच जेवायलेत. मी ठेवते मग."

फोन ठेवला आणि बसून राहिले. माझे कान तापले होते. ती मायेनं बोलली होती, टाकून काही नाही. पण तिकडं माणसं ढिगाऱ्याखाली, ही बिचारी सकाळपासून फोन घेऊन बसलेली, आणि मी तिचा वेळ खात होते, हे तिच्या एका प्रश्नानं माझ्यापुढं आलं. माझ्या दयेत माझीच गरज किती होती, ते काही मला वेगळं काढता आलं नाही. अजूनही येत नाही.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन उभी होते. पैसे भरले. खिडकीतल्या माणसानं स्लिपवर लिहिलेलं 'तुर्कस्तान भूकंप' वाचून विचारलं, "नातेवाईक आहेत का तिकडं?" मी नाही म्हटलं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि शिक्का मारला. परत येताना थोरल्या बाईकडं गेले आणि म्हटलं, तू म्हणत होतीस त्या वस्तीवर कधी जायचं? ती म्हणाली, बघू, संक्रांतीचं वाण उरलंय तेही नेता येईल. नंतर आम्ही एकदा जाऊन आलो. दारात बसलेल्या म्हाताऱ्यांशी ती भरभरून बोलली. मला काय बोलावं सुचेना, मी ब्लँकेटं वाटली.

पुण्याहून मोबाईलवर दोन ओळी आल्या. पैसे मिळाले, आभार, पुढचं कळवत राहीन. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिला फोन केला नाही. करावासा रोज वाटला.

पावसाळ्यात एकदा केला. मनाशी म्हटलं, एवढ्या महिन्यांनी चौकशी करायला हरकत नाही. दुसराच आवाज आला. त्या मॅडम आता इथं नाहीत, दुसरीकडं गेल्या, तुमचं काय काम होतं? मी म्हटलं, काम काही नाही. त्या मुलीनं तत्परतेनं सांगितलं की तुर्कस्तानचं काम चालू आहे, त्या बायकांनी आता शिवणाचं केंद्र काढलंय, हवं तर माहिती पाठवते. आली माहिती. फोटोत लोखंडी पेट्यांसारखी घरं होती, आणि एका लांब खोलीत ओळीनं मशीनी. आपल्याकडच्यासारख्याच. ती बातमी मी दिवसभर घरात बाळगली. रविवारी मुलाला सांगितली. "अरे वा, छान," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आमच्याकडंच जमीन हलली. सकाळची वेळ होती. मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजली आणि पायाखालून काहीतरी घरघरत गेलं, अवजड मालगाडी जवळून जावी तसं. पण गाडी गेली नव्हती. मी जशी होते तशी बाहेर पळाले. अख्खी गल्ली रस्त्यावर होती. कुणी गाऊनवर, कुणी तोंडात ब्रश. ज्यांची तोंडं मी कधी नीट बघितली नव्हती, ती माणसं माझ्याशी बोलायला लागली. तुमाला जाणवलं का? आमचा फॅन हलायलाता. कुणी म्हणालं, केंद्र हिंगोलीकडं हाय म्हणे.

"मोठा झाला असता तर आपल्याला कोण आलं असतं?" एकानं विचारलं. सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला एवढंच वाटलं, दूर कुठंतरी कुणीतरी टीव्हीपुढं उभं राहिलं असतं, आणि कुणाला फोन लावावा याचा विचार करत बसलं असतं.

समोर नव्यानं राहायला आलेल्या घरातली सून माझ्याजवळ आली. "काकू, एकट्या आत जाऊ नका. आमच्याकडं बसा." तिनं हाताला धरूनच नेलं. चहा झाला, पोहे झाले. तिच्या सासूनं कुठल्या गावची तुमी, माहेर कोणतं, असं सगळं विचारलं. मुलाचा फोन आला, मी म्हटलं, ठीक आहे मी, लोकांत बसलेय. खोटं नव्हतं. ऊन चढेपर्यंत मी तिथं बसले. मग त्यांच्या घरात स्वयंपाकाची गडबड सुरू झाली, पोरांच्या डब्यांची हाकाटी झाली, आणि आपण आता उठावं हे कळलं.

घरी आले. दार नुसतं ओढून घेतलेलं होतं, कुलूप घालायचं सुचलंच नव्हतं. आत जाऊन सगळीकडं बघितलं. भिंतीला चीर नव्हती. मांडणीवरची ताटं घसरली नव्हती. सगळं जिथल्या तिथं होतं.